सगळ्यांना तोच दर

आमच्या जावयांचा घरोघरी इंटरनेट पुरवण्याचा धंदा. वरच्या पुरवठादाराकडून लाइन भाड्याने घ्यायची आणि आसपासच्या पाच इमारतींत वाटायची. ते वायरी ओढत गच्चीवर, आणि मी खाली फोनवर तक्रारी ऐकत बसलेली. प्रत्येक जिन्याखाली एक पेटी. कुठली वायर कुणाची ते कळावं म्हणून प्रत्येक वायरीला पांढरी चिकटपट्टी, तिच्यावर घरनंबर आणि महिन्याचा दर. जावयांचं अक्षर त्यांचं त्यांनाच लागत नसे, म्हणून पट्ट्या मी लिहायची. चांगली ठळक.

मग फाटकाशी एका मोठ्या कंपनीने जाहिरातीची छत्री लावून टेबल मांडलं. तीन महिने फुकट, पुढे साडेतीनशे. आमचा दर सहाशे. पंधरवड्यात दोनशे घरांतली वीस गेली. दीडशेच्या खाली आलो तर लाइनचं भाडंही सुटणार नव्हतं. जावयांना धंदा गुंडाळून कुणाच्या तरी हाताखाली लागावं लागलं असतं.

"आई, जो तोडायचं म्हणेल त्याला चारशे सांगा," ते म्हणाले. "जो गप्प आहे, त्याला गप्पच राहू द्या."

"आणि गप्प असलेल्याने विचारलं तर?"

"कोण विचारतंय?"

मी चारशे सांगत गेले. दर बदलला की पट्टी बदलायची, ही आमची रीतच. तीही मी इमानाने बदलत गेले. यात काही चुकतंय असं दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

तिसऱ्या मजल्यावरच्या बाई म्हणजे आमचं पहिलं गिऱ्हाईक. शाळेतून निवृत्त झालेल्या. नऊ वर्षांपूर्वी कुणी वायर न्यायला जागा देईना, तेव्हा त्यांनी आपल्या खिडकीतून नेऊ दिली होती. एका दुपारी वीज गेली म्हणून फ्यूज बघायला त्या खाली आल्या आणि शेजारची आमची पेटी उघडी दिसली. तशाच माझ्याकडे आल्या.

"समोरच्याला चारशे आणि मला सहाशे? तो काय तुमचा व्याही लागतो?"

"तो तोडतो म्हणाला, बाई." मी खरं ते सांगून टाकलं.

"म्हणजे मी भांडले नाही, हा माझा गुन्हा. बरं, मग मीही तोडते. बोला, किती?"

"चारशे."

"बघा! एका दमात दोनशे उतरले. इतके दिवस घसा बसला होता का तुमचा?"

त्या गेल्या.

दुसऱ्या दिवशी बातमी पाचही इमारतींत पोचली आणि फोन खाली ठेवायला फुरसत मिळाली नाही. दुपारपर्यंत साठ जणांनी "तोडा" म्हणून सांगितलं. तोडायचं एकालाही नव्हतं.

"पट्टीवर दर कशाला लिहीत बसलात?" जावई वैतागले.

"तुम्हीच सांगितलं होतं."

ते डोकं धरून बसले. मी म्हटलं, "एकच दर करा. माझ्याच्याने ही लपवाछपवी होत नाही."

"सगळ्यांना चारशे लावणं आपल्याला परवडत नाही. साडेचारशे करावे लागतील. चारशेवाले पळतील."

"पळू देत."

पळालेच. पंचवीस घरं गेली. बाकीचे थांबले, कारण वायर तुटली तर आमचा माणूस तासाभरात येतो. एकशे पंचावन्न घरं उरली. धंदा वाचला. मग एका संध्याकाळी बाईंचा फोन आला. "माझं तोडा."

"बाई, आता तुम्हालाही साडेचारशेच आहेत."

"दर ठीक आहे. पण तोडा."

दुसऱ्या दिवशी जावई स्वतः गेले. मीही गेले, माफी मागायची तर तोंड दाखवून मागावी म्हणून. बाईंनी ऐकून घेतलं, पाणी दिलं, पण मन बदललं नाही. जावयांनी खिडकीतली वायर काढून गुंडाळली. टेबलावर कंपनीचा नवा डबा होता, त्यावर लाल दिवा लुकलुकत होता. बाई फोन कानाला लावून बसल्या होत्या.

"कंपनीच्या तक्रारीच्या फोनवर सकाळपासून सतराव्या नंबरावर आहे मी," त्या म्हणाल्या.

जावयांनी माझ्याकडे पाहिलं. मग खाली बसले, डब्यामागची वायर नीट बसवली, बाईंच्या मोबाइलमध्ये पासवर्ड घातला. दिवा हिरवा झाला.

"किती झाले?" बाईंनी पर्स उघडली.

"काही नको, बाई. तुमच्याकडून कसले घ्यायचे?"

"तसलं नको," बाई म्हणाल्या. "सगळ्यांकडून घेतोस तेवढे सांग."

"शंभर," जावई म्हणाले. बाईंनी शंभराची नोट दिली आणि आम्हाला दारापर्यंत पोचवायला आल्या.