माझा इंच कुणाचा?

दचकू नका. बोलतेय ती मी, दाराशेजारच्या खिळ्याला लटकलेली पिवळी टेप. माझ्या गळ्यात एक चिठ्ठी बांधली आहे, ती आत्ताच वाचू नका. आधी माझं ऐकून घ्या, कारण गेल्या महिनाभरात मला इतके धक्के बसले आहेत, की कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

माझा जन्म एका कारखान्यातला. लांबच लांब कापडी पट्टी, तिच्यावर तेलकट रंगाचा हात, मग छपाईचा रूळ. अंगावर एक ते साठ आकडे उमटले आणि दोन्ही टोकांना पत्र्याच्या टोप्या बसल्या. मला वाटलं, झालं, आपण पूर्ण झालो. तेवढ्यात कुणीतरी मला पालथी घातली आणि पाठीवरूनही काहीतरी थंडगार फिरलं. आपल्या पाठीवर काय आहे ते कोणाला दिसतं? मीही विसरून गेले.

मला विकत घेतलं ते मास्तरांनी. मास्तर म्हणजे शिंपी, कोट शिवणारे. कोपऱ्यावरचं दुकान, समोर काचेचं दार, मध्ये बेतायचं भलंमोठं टेबल, मागे दोन मशीन. त्यांनी मला गळ्यात घातलं ते एकोणीस वर्षं काढलं नाही म्हणा ना. जेवायला बसतानाही मी गळ्यात. त्यांच्या बायकोने, म्हणजे थोरल्या बाईंनी, कितीदा म्हटलं असेल, "अहो, तिला निदान ताटावर तरी बसू देऊ नका." मास्तर हसायचे आणि मला मागे सारायचे.

मास्तरांना एक सवय होती. विचारात पडले की दोन्ही हातांनी माझी दोन्ही टोकं धरायची आणि खाली ओढायची. खांदा उतरता असला की ओढ. कापड अपुरं पडत असलं की ओढ. थोरल्या बाई गेल्या, त्यानंतरचं वर्षभर तर काही कारण नसतानाही टेबलापाशी उभं राहून ते मला ओढत असत. मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू? माणसाच्या अशा वेळी हाताशी असण्याचं भाग्य कात्रीला नाही, इस्त्रीला नाही, मला होतं.

माप घ्यावं तर मास्तरांनीच. छातीचं माप घेताना म्हणायचे, "आता श्वास भरा. आपण काय फक्त श्वास सोडतानाच कोट घालतो?" मग मला छातीभोवती आणून बोटभर सैल धरायचे आणि आकडा न बघताच सांगायचे, "साडेएकोणचाळीस." त्यांचं सगळं जग इंचाचं. इंचाचे आठ भाग, एकेक भाग म्हणजे एक सूत. "कंबरेला दोन सूत सैल" म्हटलं की त्यांच्या बोटांना ते कळायचं. अशी गिऱ्हाइकांची मापं त्यांनी मोठ्या वहीत लिहून ठेवली होती. एकाही कोटाने कधी तक्रार केली नाही, हे मी छातीठोकपणे सांगते. निदान आठ दिवसांपूर्वीपर्यंत सांगत होते.

मास्तरांची मुलगी टाचणी. हे तिचं खरं नाव नव्हे, पण अंगाने बारीक आणि बोलणं टोचणारं, म्हणून थोरल्या बाईंनीच ठेवलेलं. ती पॅटर्न काढायला शिकून आली. पॅटर्न म्हणजे कोटाचा पुढा, पाठ, बाही असा एकेक भाग जाड कागदावर आखून कापायचा, तो कापडावर ठेवायचा आणि त्याच्याभोवती खडू फिरवायचा. आल्या आल्या तिने मला वडिलांच्या गळ्यातून ओढून काढलं आणि उलटी केली.

"बाबा, ही बाजू कधी बघितलीत का?"

तो माझा पहिला धक्का. माझ्या पाठीवर आकडे होते. साठपर्यंत नव्हे, एकशे बावन्नपर्यंत. एकोणीस वर्षं मास्तरांच्या सदऱ्याच्या कॉलरला पाठ घासत मी हिंडत होते आणि आपल्या पाठीवर एक निराळीच भाषा लिहिली आहे, याचा मला पत्ता नव्हता. मी गारच पडले. या वयात आपल्याला दोन तोंडं असल्याचं कळलं तर तुम्ही काय केलं असतं?

"ते सेंटिमीटर होय?" मास्तर म्हणाले. "शाळेच्या कंपासपेटीत ठीक आहेत. दुकानात इंच चालतो."

"बाहेर सगळे पॅटर्न सेंटिमीटरमध्येच असतात, बाबा. सूत-बित कुणाला कळत नाही आता."

"ज्याच्या अंगावर कोट बसायचा, त्याला कशाला कळायला हवं?"

असं रोज चालायचं. दोघंही मागे हटणारी नव्हती. मग आली ती मोठी ऑर्डर. अग्निशमन दलाच्या बँडसाठी चौदा कोट, लाल कापड, दोन रांगा बटणं, आणि रविवारी संचलन. त्यांचा प्रमुख ट्रम्पेट वाजवायचा. गोल चेहऱ्याचा, हसतमुख माणूस. मास्तरांनी चौदाही जणांची मापं माझ्याने घेतली, श्वास भरायला लावून घेतली, आणि वहीत इंचांत लिहिली.

वही मिटून ते लेकीला म्हणाले, "ही ऑर्डर तुझ्या पद्धतीने होऊ दे. कोट नीट बसले, तर उद्यापासून हे टेबल तुझं. नाही बसले, तर सेंटिमीटरचं नाव पुन्हा या दुकानात काढायचं नाही."

टाचणीने वडिलांकडे बघितलं. टेबलाकडे बघितलं. "कबूल," म्हणाली.

ती दोन दिवस मान वर न करता बसली. प्रत्येक इंचाला दोन पूर्णांक चौपन्न शतांशाने गुणायचं, मग स्टीलच्या पट्टीने कागदावर आखायचं. गुणाकार तीनतीनदा तपासला. मला तिने हातही लावला नाही. पॅटर्न तयार झाले तसे कापायचं आणि शिलाई मारायचं काम मास्तरांनी घेतलं आणि ती अस्तर-बटणं आणायला बाजारात गेली.

ती गेल्यावर मास्तरांनी पॅटर्न कापडावर ठेवला, खडू फिरवला आणि थबकले. शिलाईसाठी कडेला जे जास्तीचं कापड सोडतात, ज्याला आम्ही माया म्हणतो, ती टाचणीने दीड सेंटिमीटर धरली होती. मास्तरांनी मला दोन्ही टोकांनी ओढलं, चांगलं दोन-तीनदा. मग इकडेतिकडे बघून काहीतरी केलं. काय केलं, ते त्या वेळी मी बोलले नाही. आता ओघात येईलच.

मंगळवारी तीन कोट ट्रायलला तयार झाले. ट्रम्पेटवाल्याने पहिला अंगात घातला. बटणं लावली. आरशात बघून खूश झाला. "झकास," म्हणाला, "जरा वाजवून बघतो." त्याने ट्रम्पेट ओठांना लावला आणि श्वास भरला.

फट्.

वरचं बटण उडून काचेच्या दारावर आपटलं. पाठोपाठ दुसरं. ट्रम्पेटवाला तोंड उघडं ठेवून खाली बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "मी काल जरा जास्त जेवलो होतो."

पण दुसरा कोट ढोलवाल्याला घातला, तोही तसाच. तिसऱ्याची बटणं तर लागलीच नाहीत. माझं धाबं दणाणलं. एकोणीस वर्षांत असं कधी घडलं नव्हतं. "शुक्रवारी या," एवढंच मास्तर म्हणू शकले.

ती मंडळी गेल्यावर मास्तर स्टुलावर बसले. "सांगत होतो," म्हणाले. आवाजात राग नव्हता, त्यामुळे जास्त लागलं. "तुझ्या सेंटिमीटरने घात केला."

टाचणीचा चेहरा पांढराफटक पडला होता. "गुणाकार बरोबर आहे, बाबा. तुम्ही श्वास भरायला लावून माप घेतलं होतं ना?"

"मला विचारतेस?"

"मग हात चुकला असेल."

हे शब्द तिच्या तोंडून निसटले आणि तिलाच ते ऐकवेनात. मास्तर स्वतःच्या हातांकडे बघत राहिले. मला वाटलं, आता हे कात्री खाली ठेवतील ती कायमची. मीही त्यांच्याच बाजूने होते. लेकीच्या हिशोबातच काहीतरी घोळ आहे, अशी माझी खात्री होती.

मग टाचणीने मला वडिलांच्या गळ्यातून अलगद काढलं, टेबलावर पसरलं, पालथं केलं आणि शेजारी मीटरभर लांबीची स्टीलची पट्टी ठेवली. शून्याला शून्य जुळवलं. पट्टी शंभरावर संपली.

तिथे माझ्यावर आकडा होता साडेसत्त्याण्णव.

"पट्टी खोटी असेल," मास्तर म्हणाले.

तिने खणातून कोरी टेप काढून पट्टीला लावली. शंभराला शंभर. मग ती कोरी टेप माझ्याशेजारी ठेवली. दोघी साठ इंचाच्या, पण मी तिच्यापुढे दीड इंच गेलेले. मी लांबले होते.

काय सांगू मला काय वाटलं. ज्या मापाच्या जोरावर मी मिरवले, ते मापच खोटं. माझा प्रत्येक इंच ताणून मोठा झालेला, म्हणून माणसाची छाती त्रेचाळीस असली तर मी बेचाळीस सांगायची. एवढ्या वर्षांत किती जणांना मी एकेक इंच कमी सांगितलं असेल?

"मग इतकी वर्षं कोट कसे बसले?" मास्तरांनी माझ्याच मनातलं विचारलं.

टाचणी एकदम खाली बसली. "कारण माप हिनेच घ्यायचात आणि बेतायचातही हिनेच. माप घेताना जेवढं कमी सांगायची, कापडावर तेवढंच जास्त द्यायची. हिच्या हिशोबात हिची चूक दिसायचीच नाही. या वेळी माप हिने घेतलं आणि मी पट्टीने आखलं."

"कशाने लांबली ही?"

तिने फक्त दोन्ही मुठी गळ्यापाशी नेल्या आणि खाली ओढून दाखवलं. मास्तरांनी मान खाली घातली.

आता प्रश्न कोटांचा. तीन शिवलेले, अकरा कापलेले, आणि लाल कापडाचा चिंधीएवढा तुकडाही शिल्लक नाही. "उसवून उपयोग नाही," टाचणी म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "आत दीड सेंटिमीटर माया. त्यातलं निम्मं काढलं तर शिलाईला काय उरणार? माणूस वाकला की पाठ उघडी पडेल. चौदा जणांना मी तोंड कसं दाखवू?"

मास्तरांनी घसा खाकरला. "उसवून तर बघ."

तिने कुशीची शिलाई उसवली. आणि हा धक्का माझा नव्हे, तिचा होता. आत दीड सेंटिमीटर तर होतंच, त्याच्या बाहेर आणखी चांगला एक इंच कापड होतं. तिने दुसरा कोट उलटला. तिथेही. न शिवलेल्या अकराही कोटांच्या कडेला तसाच इंच.

"बाबा, तुम्ही माझी रेषा मानली नाहीत."

"मानली ना. शिलाई तुझ्याच रेषेवर मारली," मास्तर म्हणाले. "पण कापताना हात धजला नाही."

तिला रागवायचं होतं. तसं तोंडही उघडलं होतं तिने. पण मग ती हसायला लागली, हसता हसता रडायला लागली, आणि मास्तर तिच्या डोक्यावर हात ठेवून उभे राहिले. शुक्रवारपर्यंत दोघांनी मिळून चौदाही कोट सैल करून शिवले. त्यासाठी बुधवारीच चौदाही जणांना बोलावून नवं माप टाचणीने घेतलं, कोऱ्या टेपने. मास्तर बाजूला उभे राहून एकेकाला सांगत होते, "श्वास भरा."

टाचणीने टेबलाचा विषय काढला नाही. मास्तरांनीच काढला. "टेबल तुझं."

"कोट बसले नव्हते, बाबा."

"मी एकटा असतो तर ही टेप लांबली आहे ते मला मरेपर्यंत कळलं नसतं," ते म्हणाले. मग कोरी टेप त्यांनी तिच्या गळ्यात घातली.

आणि मी? मला वाटलं, आता केराची टोपली. पण टाचणीने जुनी वही उघडली, पानं चाळली आणि म्हणाली, "ही सगळी मापं हिच्याच इंचांत आहेत. हिला टाकलं तर ही माणसं सापडायची कशी?" तिने एक चिठ्ठी लिहून माझ्या टोकाला बांधली. आता वाचा. "हिने माप घेऊ नये. वहीसाठी : हिचा एक इंच = २.६ सेंटिमीटर."

म्हणजे बघा, माझा इंच जगात कुठल्याच पट्टीवर नाही. माझ्या पोटावरचाही नाही आणि पाठीवरचाही नाही. तो फक्त या दुकानातला. हा शेवटचा धक्का मात्र पचवायला मला जड गेला नाही.

रविवारी बँड दुकानावरून गेला. ट्रम्पेटवाल्याने मुद्दाम दारासमोर थांबून जीव खाऊन एक लांब सूर लावला. दोन रांगा बटणं जागची हलली नाहीत. टाचणी दारात उभी राहून टाळ्या वाजवत होती.

मास्तर आत होते, माझ्याजवळ. त्यांचे दोन्ही हात सवयीने गळ्यापाशी गेले आणि तिथे काहीच नव्हतं. काही वेळ त्यांना हात कुठे ठेवावेत ते कळेना. मग त्यांनी मला खिळ्यावरून काढलं, चिठ्ठीसकट गळ्यात घातलं आणि दोन्ही टोकं धरून सावकाश खाली ओढलं.

ओढा मास्तर, हवं तेवढं ओढा. आता माझ्यामुळे कुणाचा कोट तोकडा होणार नाही.