ऑडलमची उतरण

डॉक्टरांनी ग्लेनिसला कालव्यावरच्या लॉकचे, म्हणजे पाणी कमी-जास्त करून नाव खाली-वर नेणाऱ्या अरुंद हौदाचे, दरवाजे ढकलायला साफ बंदी केली. गुडघ्यांत आता काही राहिलेलं नाही, म्हणाले. म्हणून त्या दिवशी ट्रेव्हर काठावर उतरला आणि सुकाणूचा दांडा पहिल्यांदाच तिच्या हातात आला.

'किटीवेक' ही लांबुडकी, अरुंद नाव त्यांनी घेतली तेव्हा मुलगी शाळेत जात होती. तेव्हापासून ट्रेव्हर मागे उभा राहून नाव चालवायचा आणि ग्लेनिस पायवाटेने पुढे जाऊन लॉक उघडायची. कालव्यावरच्या बहुतेक जोडप्यांचं असंच असतं. कोणी बसून ठरवलेलं नसतं.

आता नाव विकली होती. नँटविचला घेणारे वाट बघत होते, तिथवर पोचवायची तेवढी राहिली होती. मध्ये ऑडलमची उतरण, एकाखाली एक लॉक, पाण्याचा जिनाच म्हणा. एप्रिल संपत आला होता. कुंपणं पांढऱ्या फुलांनी भरली होती, कुरणात कोकरं उड्या मारत होती, ऊन होतं आणि वारा मात्र कानाला झोंबत होता.

"दांडा डावीकडे ढकललास की नाव उजवीकडे जाते, लक्षात ठेव," ट्रेव्हर काठावरून ओरडला.

"अरे, इतकी वर्षं काठावर उभी राहून मी दुसरं काय बघत होते?"

लॉकच्या दोन्ही भिंतींना वीतभरसुद्धा जागा नसते. ग्लेनिसने वेग कमी केला, मान जराशी तिरकी केली आणि नाव आत घेतली. कुठे घासली नाही, कुठे आपटली नाही.

"काय हो कॅप्टन, तुमच्यासारखा धप्प असा आवाज नाही आला," ती म्हणाली. "माझं काही चुकलं का?"

ट्रेव्हर हसला. तिचा चेहरा वाऱ्याने लाल झाला होता आणि डोळे असे चमकत होते, की तो बघतच राहिला.

मग त्याने मागचं दार लावलं आणि खालच्या झडपा उघडायला गेला. लोखंडी हँडल दोन्ही हातांनी फिरवताना खांद्यात कळ आली. पाणी धो धो बाहेर पडलं, नाव हळूहळू खाली बसली. आता पुढची दारं. दाराच्या लांब तुळईला पाठ लावून, विटांच्या उंचवट्यांवर टाचा रोवून तो रेटू लागला. दार आधी हललंच नाही. हललं तेव्हा त्याच्या तोंडाला फेस यायचा बाकी होता. त्यात दारं दोन. पलीकडचं उघडायला ग्लेनिस नेहमी उघड्या दारावरून पलीकडच्या दारावर सरळ पाऊल टाकायची, खाली खोल काळं पाणी. ट्रेव्हर दाराच्या टोकापर्यंत गेला, खाली बघितलं आणि परत फिरला. सगळ्या लॉकला वळसा घालून पलीकडे गेला.

पावसात ती हे करायची. तेव्हा तो मागे छत्री धरून चहा पीत उभा असायचा आणि कधी कधी म्हणायचा, "आज उशीर होतोय गं."

चार-पाच लॉकं झाली तेव्हा खालून डॉटची नाव वर येत होती. डॉट म्हणजे याच कालव्यावर एकटी राहणारी म्हातारी. नवरा गेल्यावरही तिने नाव सोडली नव्हती.

"अगं बाई! बाईसाहेब सुकाणूवर आणि स्वारी पायी?" ती ओरडली. "सूर्य कुठून उगवला आज?"

"गुडघे गेले तिचे," ट्रेव्हर म्हणाला.

"जातील नाही तर काय! याच लॉकवर दहिवरात कशी पडली होती ती. मीच माझ्या नावेत नेऊन फडकं बांधलं, ब्रँडी पाजली. त्या पायानं पुन्हा गेली दार लावायला. म्हणे, तो खाली थांबलाय."

ट्रेव्हरने डॉटच्या नावेसाठी दार धरून ठेवलं.

गावाजवळ त्यांनी नाव बांधली. ग्लेनिसने डुकराचं मांस भरलेली भाजलेली पाई कापली, वर लोणच्याचा कांदा ठेवला. बराच वेळ त्याने घास घेतला नाही.

"तू पडलीस ते मला कधी सांगितलं नाहीस."

"सांगितलं होतं. तू म्हणालास, जपून चालत जा."

"आणि तुला नाव चालवायची आहे, हे?"

"तेही मागितलं होतं, पहिल्याच वर्षी. तू म्हणालास, त्याला हात बसावा लागतो, नंतर बघू." तिने त्याच्या बशीत आणखी एक तुकडा ठेवला. "मग मी विचारायचं सोडून दिलं. खा आता."

ट्रेव्हरने खूप आठवून बघितलं. त्याला काहीच आठवेना. नाही म्हटल्याचं आठवलं असतं तर निदान माफी तरी मागता आली असती.

"आपण विकायलाच नको," तो एकदम म्हणाला. "फोन करतो त्यांना. यापुढे लॉक मी करीन, तू चालव."

ग्लेनिसने नावेकडे बघितलं. छपरावरच्या कुंड्यांत पिवळी फुलं डोलत होती. क्षणभर वाटलं, ती हो म्हणेल.

"ट्रेव्ह, तुझी छाती बघ, लोहाराच्या भात्यासारखी चाललीय. दहा वर्षांपूर्वी म्हणाला असतास तर उडी मारली असती मी." तिने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "आता राहू दे. आजचा दिवस तरी नीट चालवू दे मला."

तिने नीट चालवली. नँटविचच्या उंच बांधावर ते पोचले, तेव्हा उन्हं कलली होती आणि खाली घरांची छपरं दिसत होती. नाव घेणारी जोडी तरुण होती. मुलगा लगेच मागे चढला, दांड्यावर हात ठेवून म्हणाला, "वा, हलका आहे!" बायको काठावर दोर गोळा करत होती.

"आधी तिला शिकू दे," ट्रेव्हर म्हणाला.

"शिकेल की हळूहळू," मुलगा हसून म्हणाला. "घाई काय आहे?"

ट्रेव्हरने मागे वळून बघितलं. ग्लेनिस टॅक्सीत जाऊन बसली होती.

आता ते स्टॅफर्डला राहतात, सगळं एकाच मजल्यावर असलेल्या छोट्या घरात. उन्हाळ्यात त्याने दिवसभरासाठी भाड्याची नाव घेऊ म्हटलं. लॉक नसलेला टप्पाही शोधून ठेवला होता. "लोकांची नाव नको रे," ती म्हणाली आणि विषय संपला. रविवारी दोघं कालव्याच्या बाकावर बसतात. एखादी नाव गेली की ग्लेनिस सुकाणूवर कोण आहे ते बघते, आणि बाई असली की हात उंच करून हलवते. ट्रेव्हर तेव्हा थर्मासचं झाकण फिरवत बसतो.