डाव्या हाताचा छेद

मी एक जुना बोरू आहे आणि आता जेमतेम बोटभर उरलो आहे. मित्रांनो, झिजणे हा माझा धर्मच, त्याचे दुःख नाही. पण एकदा माझ्यामुळे एका मुलीचे शिकणे थांबणार होते. ते तुम्हाला सांगायला हवे.

मी ओढ्याकाठी वाढलो. एका बाईने मला कापले, वर्षभर सावलीत वाळवले, टोक तासले, मधोमध बारीक चीर दिली आणि शेवटी ते टोक तिरके छाटले. या छेदातच बोरूचे सारे मर्म असते. तो कागदाला कसा टेकतो, त्यावर कोणती रेघ जाड उमटेल आणि कोणती बारीक, हे ठरते.

ती बाई शाळांच्या प्रमाणपत्रांवर नावे लिहीत असे. बावीस वर्षे मी तिच्या उजव्या हातात होतो. टोक बोथट झाले की ती मला पुन्हा तासायची आणि मी नखभर कमी व्हायचो. लोक म्हणत, अक्षर कसे मोत्याच्या दाण्यासारखे आहे. मला वाटे, ते मलाच म्हणतात.

एका सुट्टीत तिची भाची शिकायला आली. मुलगी डावखुरी. नव्या घराच्या दारावरची पाटी आपणच लिहिणार, असे ती घरी सांगून आली होती. त्यावर बाबा म्हणाले होते, "लिही बाई. पाहुणे शेजारी जाऊन चहा पितील."

आत्याने तिला रोज नुसत्या रेघा काढायला लावल्या. उभी आणि आडवी, दोन्ही सारख्या जाडीच्या हव्या होत्या. मुलीची उभी रेघ केसासारखी उमटे आणि आडवी दोरखंडासारखी. तीन आठवडे हेच चालले. शेवटी आत्याने कधी कुणाला दिला नव्हता तो बोरू, म्हणजे मला, तिच्या हाती दिले. चांगला बोरू मिळाला की हाताला वळण लागते, असा तिचा समज होता. रेघा तशाच आल्या. नाचता येईना अंगण वाकडे, असे मी मनात म्हटले.

सुट्टीचे चार दिवस उरले. मुलीने मला धुतले, पुसले आणि मेजावर ठेवले.

"आत्या, पाटी तूच लिही. माझ्या हातालाच वळण नाही."

दुसऱ्या दिवशी एक बोरू तासताना तिच्या उजव्या अंगठ्याला चाकू लागला. पट्टी बांधून ती कामाला बसली, पण मला धरता येईना. म्हणून तिने मला डाव्या हातात घेतले आणि एक रेघ ओढून पाहिली. मग दुसरी.

उभी केसासारखी, आडवी दोरखंडासारखी.

तिने भाचीचा कागद शेजारी ठेवला. बराच वेळ ती दोन्ही कागद पाहत राहिली.

"अगं, चूक तुझी नाहीच," ती म्हणाली. "छेद माझ्या उजव्या हाताचा आहे. बावीस वर्षांत माझ्या हे लक्षातच आलं नाही."

नव्या काड्या अजून ओल्या होत्या. बाकीचे जुने बोरू तासून इतके आखूड झालेले, की पुन्हा कापले तर हातात धरता आले नसते. आत्याने मला उचलले तशी मुलगी म्हणाली, "हा नको. हा तुझा आहे."

"माझा आहे म्हणूनच कापतेय."

पट्टी बांधलेला अंगठा बाजूला ठेवत, चाकू मुठीत धरून तिने माझा तिरकेपणा हळूहळू काढला आणि छेद सरळ केला. त्या क्षणी तिच्या हाताशी माझा संबंध संपला. मी शाईत बुडालो, कागदाला टेकलो, आणि डाव्या हातातून दोन रेघा उतरल्या. दोन्ही सारख्या. मुलगी कागदावर इतकी वाकली की नाकाला शाई लागली.

ती पाटी आजही काचेमागे त्या दारावर आहे. बाबा येणाऱ्या प्रत्येकाला आधी पाटी वाचायला लावतात, चहा नंतर.

मित्रांनो, लिहून झाले की बोरू धुऊन, पुसून ठेवा. शाई वाळली की चीर बुजते. आणि कुणाच्या हाताला नावे ठेवण्याआधी, त्या हातात आपण काय दिले आहे ते एकदा नीट पाहा. त्या वेळी अंगण खरेच वाकडे होते. ते अंगण मीच होतो.