नारिंगी डबा

ताईचा चहाचा नारिंगी डबा रिकामा झाला आणि तिची धाकटी बहीण तो उलटा करून ठोकत बसली.

डबा पत्र्याचा, त्यावर अर्धं कापलेलं संत्रं आणि दोन लवंगा छापलेल्या. कंपनीने ती चव दोन वर्षांपूर्वी बंद केली आणि पाठोपाठ धाकटीसारख्या जुन्या बायकांनाही घरी बसवलं. तिने साठवून ठेवलेल्या पुड्या आतापर्यंत पुरल्या. आता तळाला बोट फिरवलं तरी बोटाला काही लागेना.

"बंद झाला तर झाला," ताई खाटेवरून म्हणाली. "छत्तीस वर्षं तिथे काढलीस. त्यात काय काय पडतं एवढं तरी डोक्यात राहिलं असेल. घरी कर."

ताई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. सगळी गल्ली तिला 'बाई' म्हणते, दूधवालासुद्धा तिच्यासमोर आला की शर्टाचं वरचं बटण लावतो. चार महिन्यांपूर्वी बाथरूममध्ये पडून खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून बाहेरच्या खोलीतल्या खाटेवरून तिचं राज्य चालतं. सुंभ जळला तरी पीळ काही गेला नाही. तिला उठवायला, बसवायला, औषधं द्यायला धाकटी येऊन राहिली होती. नवऱ्यामागे तिला तरी दुसरं कोण होतं?

पण म्हणून ताईवर उपकार झाले असं कोणी समजू नये. आई-वडील गेले तेव्हा धाकटी अकराची होती आणि ताई एकवीसची. ताईने तिला वाढवलं, शिकवून बघितलं, तीनदा नापास झाल्यावर एका विद्यार्थिनीच्या वडिलांना शब्द टाकून चहाच्या कारखान्यात चिकटवलं, लग्न लावून दिलं. या सगळ्यात स्वतःचं लग्न राहून गेलं. हे ताई विसरली असती तर बरं झालं असतं, पण ती कधीच काही विसरत नसे. धाकटीने स्वेटर आणला तर आठवड्यात तो कामवालीच्या अंगावर. फळं आणली तर, "कशाला आणलीस? मला काय कमी आहे?" एकीने द्यायचं आणि दुसरीने घ्यायचं, अशी त्या घराची रीतच पडून गेली होती.

अपवाद फक्त या चहाचा. तो ताई घेत असे. रोज चार वाजता, बिनदुधाचा, पाठ ताठ ठेवून. आल्यागेल्याला सांगे, "बहिणीच्या कंपनीतला आहे. साहेब लोकांसाठी वेगळा काढतात." तेवढं कानावर पडलं की धाकटीला दोन दिवस पुरायचं.

म्हणून तिने कंबर कसली. संत्र्याच्या सालींचा आतला पांढरा भाग खरवडून त्या सावलीत वाळवल्या. लवंगा तव्यावर जरा गरम करून ठेचल्या. चांगली मोठ्या पानाची पत्ती आणली आणि सगळं बरणीत आठ दिवस मुरवलं. झाकण उघडलं तसं घर दरवळलं. ताईने एक घोट घेतला आणि कप बशीत ठेवला.

"हा तो नाही."

दुसऱ्या खेपेला लवंग कमी केली, तिसऱ्याला साल वाढवली. "चांगला आहे. पण तो नाही," ताई म्हणाली, चुकलेल्या गणितावर काट मारावी तशी.

हा तो होणं शक्यच नाही, हे धाकटीला पहिल्यापासून माहीत होतं. खरा नारिंगी डबा या घरात एकदाच आला होता, तिच्या पहिल्या पगारातून. ताईला आवडला, आणि हुरळून धाकटी म्हणून बसली की आता दर महिन्याला आणीन. बोलून गेली खरी, पण ते काही झेपणारं नव्हतं. कारखान्यात शनिवारी यंत्रं थांबली की पत्ती मिसळायच्या मोठ्या ड्रमखालची जमीन झाडून काढत. पाच चवींचा भुगा तिथे एकत्र सांडलेला असे, संत्रं, लवंग, आलं, पुदिना, गुलाब, सगळं एकात एक. तो बायकांनी चाळून घरी न्यायचा, म्हणजे कंपनीचा फेकण्याचा त्रास वाचला. धाकटी तो केर आणून नारिंगी डब्यात भरत राहिली. इतक्या वर्षांत तिने ताकास तूर लागू दिली नाही.

आता खरं सांगितलं, तर तिने ताईला दिलेली एकुलती एक गोष्ट हातची जाणार होती. ते तिला परवडणारं नव्हतं. तिने दुसऱ्या कंपन्यांची पाच चवींची पाच पाकिटं आणली, कुटून भुगा केला आणि एकत्र केला.

"जवळ आलीस," ताई घोट घेऊन म्हणाली. "अजून काहीतरी राहतंय."

काय राहतंय ते धाकटीला तिथल्या तिथे कळलं, आणि तिला स्वतःची शिसारी आली. दुपारी ताईचा डोळा लागल्यावर तिने मागच्या खोलीत, रिकाम्या पोत्यांशेजारी, फरशीवर तो भुगा पसरला. दोन दिवस तसाच ठेवला. येता-जाता त्यावर पाय पडत होते, तिने पडू दिले. तिसऱ्या दिवशी झाडू घेऊन वाकली आणि कोपऱ्यापासून झाडत आली. अठ्ठावन्न वर्षांच्या बाईने चांगला विकतचा चहा जमिनीवर टाकायचा, त्याचा केर करायचा आणि तो सख्ख्या बहिणीला पाजायचा. तिला रडू आलं नाही, राग आला. कोणाचा, ते तिला सांगता आलं नसतं.

चार वाजता ताईने घोट घेतला आणि डोळे मिटले. धाकटी दाराची चौकट धरून उभी होती, शाळेत निकालाच्या दिवशी उभी राहायची तशी.

"हाच," ताई म्हणाली.

धाकटीचा चेहरा खुलला. मग ताईने दोन बोटांनी जिभेवरून काहीतरी काढून बशीच्या कडेला ठेवलं. नखाएवढी झाडूची काडी होती.

"हीसुद्धा घातलीस. आता अगदी तंतोतंत जमला."

"ताई, ती चाळताना राहिली असेल."

"तेव्हाही राहायच्या. दुसऱ्याच महिन्यात पहिली निघाली. मग सुतळीचे धागे, एकदा शर्टाचं बटण." ताई फळ्यापाशी उभी राहून धडा सांगावा तशी सांगत होती. "पत्ती कुठली आणि केर कुठला, एवढं कळतं मला."

धाकटीने काडीकडे बघत विचारलं, "मग बोलली का नाहीस कधी?"

"काय बोलायचं? तुझ्याकडे द्यायला दुसरं होतं काय? आणि देण्याची हौस तर दांडगी. म्हटलं घ्यावं, तेवढंच तुला बरं वाटतं."

"मग आता का करायला लावलास?"

"सवय लागली. तू पहिला केलास ना साली वाळवून, तो खरा चांगला होता. पण माझी जीभ तू कधीच बिघडवून ठेवली आहेस. मला आता त्याची चवच लागत नाही."

ताई हे प्रेमानेच बोलत होती, आणि धाकटीला तेच सहन झालं नाही. ताईने रागाने कप भिंतीवर आपटला असता तरी चाललं असतं. शाळेची फी, नोकरी, लग्न, आणि वर हे, इतकी वर्षं रोज चार वाजता तिच्यासाठी गिळलेला केर. जे एक आपण दिलं असं ती धरून बसली होती, तेही ताईनेच तिला दिलेलं होतं.

"अर्धा कप आण अजून," ताईने कप पुढे केला. "या वेळी नीट गाळ."

धाकटी कप घेऊन स्वयंपाकघरात गेली. पातेल्यातला चहा बारीक गाळणीने गाळला आणि आपल्यासाठीही घोटभर ओतला. कारखान्यातला तो केर तिने कधी तोंडात घातला नव्हता. हा चहा कडू होता, मातकट, घशाला खरखरणारा. तिने तो मोरीत थुंकला, चूळ भरली, आणि ताईचा अर्धा कप घेऊन बाहेर आली.