उसवलेली काजं

दुकानात एकूण पाच माणसं, आणि कोटांची काजं हातानं करायचं काम तिच्या सासऱ्यांचं. चाळीस वर्षांत त्यात कुणी लुडबुड केली नव्हती. ती सून होऊन आली आणि त्यांच्या शेजारच्याच स्टुलावर बटणं लावायला बसली. दोन वर्षांपूर्वी ती सहज बोलून गेली, "बाबा, हे काज जरा तिरकं झालंय."

तिन्ही मशिनी थांबल्या. बाबांनी चष्मा पुसला आणि पुढचं काज हातात घेतलं. ते जेवायला गेल्यावर दुकानाच्या मास्तरांनी तिला बाजूला घेतलं.

"हे बघ पोरी, मोठ्यांची चूक तोंडावर काढायची नसते. ते गेले की उसवायचं, नीट करायचं आणि गप्प बसायचं. आम्हीही आमच्या उस्तादांचं असंच केलं."

तिनं कानाला खडा लावला. संध्याकाळी बाबा चपला घालून निघाले की मास्तर कोट तिच्यापुढे सरकवायचे. आधी आठवड्याला एखादं काज, मग रोज दोन-तीन, आणि आता झाडून सगळी. गिऱ्हाईक तारीफ करायचं, बाबा मिशीत हसायचे, आणि तिला खरोखर वाटायचं की आपण माणसाचा मान राखतोय.

परवा बाबा दुकानाचीच पायरी न दिसून पडले. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ तपासलं.

"उजवा गेलाय, काका. तो आता परत यायचा नाही. डावा वाचवता येईल. पण दिसायला कधीपासून कमी झालं, ते नीट सांगा. कामात जाणवलं असेल ना?"

"कामात?" बाबा ताठ बसले. "अधूनमधून अंधुक दिसायचं खरं. पण काजं नीट उतरतायत म्हणजे डोळे ठीक आहेत, असं धरून चाललो. एक कोट परत आला नाही. विचारा माझ्या सुनेला."

नुसतं हो म्हणायचं होतं. दोन वर्षं ती दुसरं काय करत होती?

"दोन वर्षं झाली," ती डॉक्टरीणबाईंना म्हणाली. "त्यांची काजं मी उसवून पुन्हा करते."

बाबांनी तिच्या आवाजाच्या दिशेनं मान वळवली. "मास्तरला ठाऊक आहे?"

"सगळ्यांनाच ठाऊक आहे, बाबा."

ते मांडीवरच्या आपल्या बोटांवरून अंगठा फिरवत राहिले. मग हळूच म्हणाले, "मग न उसवलेलं माझं शेवटचं काज कुठलं गं?"

तिनं खूप आठवून पाहिलं. तो दिवस कुणीच लक्षात ठेवला नव्हता.