पहिला भाग कोणाला आवडतो?

मी एक डीव्हीडी बोलतेय. माझ्यावर एका सिनेमाचा पहिला भाग आहे. दुसरा भाग म्हणजे माझी धाकटी बहीण. आम्ही दोघी एकाच डबीत राहतो, पण आमची ओळख करून देताना लोक आधी तिचं नाव घेतात. पूर्वी मला त्याचं वाईट वाटायचं. आता सवय झाली आहे.

जन्माची फारशी आठवण नाही. कारखान्यात मी गरम होते, मग गार झाले, मग कोणीतरी माझ्या पाठीवर चित्र छापलं. माझ्यासारख्या हजारो निघाल्या त्या दिवशी, त्यामुळे बारशाचा प्रश्नच नव्हता.

माझ्या पोटात एका फरशी बसवणाऱ्या तरुणाची गोष्ट आहे. एके दिवशी काम करता करता त्याचा हात भिंतीत शिरतो, मग खांदा, आणि मग तो अख्खाच्या अख्खा पलीकडे जातो. फक्त बूट अलीकडे राहतात. का राहतात, ते शेवटपर्यंत कोणी सांगत नाही. पुढचा सगळा वेळ तो बिचारा तेच शिकत असतो. भिंतीतून जायचं कसं, मधेच अडकलो तर काय करायचं, आणि रोज अनवाणी घरी आलो तर आजोबांना कोणती थाप मारायची. अगदी शेवटी एक दुष्ट माणूस येतो, कारण असल्या सिनेमात तो यावाच लागतो.

धाकटीच्या पोटातही तोच नायक आहे. पण आता त्याला खास पोशाख मिळालाय आणि बूट पायातच राहतात. सुरुवातीलाच आजोबा जातात, आणि मग त्या दुःखातून सगळा सिनेमा उभा राहतो. जाणकारांनी तिला डोक्यावर घेतलं. बक्षिसं मिळाली, अग्रलेखासारखी परीक्षणं आली. माझ्याबद्दल इतकंच म्हटलं गेलं, की सुरुवात म्हणून ठीक आहे.

आम्हाला विकत घेतलं ते बुटांच्या दुकानातल्या एका विक्रेत्याने. दिवसभर गुडघ्यांवर बसून लोकांच्या पायांत बूट चढवायचे आणि "वापरून सैल होतील" असं सांगायचं, हे त्याचं काम. घरी त्याची भाची राहायची. तिच्या आईची नोकरी फिरतीची, म्हणून लेकीची शाळा मामाच्या गावात. तो तिला चिंगी म्हणायचा. दोन खोल्या, एक टीव्ही आणि दोघांचं राज्य.

पहिल्या दिवशी मला लावलं. चिंगी बूट मागे राहिले की हसायची आणि मामा तिच्याहून मोठ्याने हसायचा. दुसऱ्या दिवशी धाकटीला लावलं. आजोबा गेले आणि पोरीने जे भोकाड पसरलं, ते थांबेचना. मामाने धाकटीला घाईघाईने बाहेर काढलं आणि परत मला आत सरकवलं. तेव्हापासून घरात सिनेमा म्हणजे मी. परीक्षा संपली, मला लावा. ताप आला, मला लावा. मी मनातून फुगून गेले होते, ते कशाला नाकारू?

फुगा फुटला तो चिंगी शाळेच्या सहलीला गेली तेव्हा. मामा एकटाच घरी होता. त्याने डबी उघडली, मला बाजूला ठेवलं आणि धाकटीला लावलं. सिनेमा संपल्यावरही तो बराच वेळ तसाच बसून होता. मग उशीच्या अभ्र्याला डोळे पुसले, तिला जपून डबीत ठेवलं आणि मला वर. सहलीहून आल्यावर चिंगीने विचारलं, "काय केलंस रे मामा?" तर म्हणाला, "काय करणार, झोपलो."

म्हणजे हा माणूस माझा नव्हताच. बरं, भाची तरी? ती मोठी होत गेली तशी मी सुरू असताना हातातल्या फोनकडे बघायला लागली. मधेच मान वर करून मामा हसतोय ना, ते पाहायची, आणि त्याच्याबरोबर हसायची. माणसांची ही एक खोड मी पाहिली आहे. एकमेकांचं मन राखता राखता दोघंही नको ते गोड मानून घेतात, आणि विचारत मात्र कोणीच नाही.

चिंगीला पुढे एका छोट्या चित्रपटगृहात तिकिटांच्या खिडकीवर नोकरी लागली. जुने सिनेमे दाखवणारं चित्रपटगृह होतं ते. तिथे सिनेमे निवडणारा माणूस सोडून गेला, आणि ती जागा चिंगीला हवी होती. जेवणाखाणाचं भान नाही इतकी हवी होती. तिथले साहेब म्हणाले, "एका रविवारचा सिनेमा तू निवड. हॉल भरलास तर जागा तुझी."

त्या संध्याकाळी दोघं जेवायला बसली होती. मी टीव्हीखालच्या खणात होते.

"काय लावणार आहेस मग?" मामाने विचारलं.

"पहिला भाग."

"पहिला? का गं?"

"का म्हणजे? तुझा आवडता ना."

"माझा आवडता, असं कोण म्हणालं?"

"तू हसतोस की, बूट मागे राहतात तेव्हा."

"अगं, दिवसभर मी बूटच बघतो. घरी येऊन परत बूट बघून कोणाला हसू येईल? तू हसायचीस म्हणून हसायचो."

चिंगीचा घास हातातच राहिला. "मग दुसरा?"

"दुसऱ्याला तोड नाही. पण तू तेव्हा केवढी रडलीस, म्हणून परत लावला नाही."

"मामा, मी तेव्हा दुसरीत होते."

"होतीस ना. मग मोठी झालीस ते मला कोणी कळवलं नाही."

"म्हणजे इतकी वर्षं आपण पहिला बघतोय ते..."

"तुझ्यासाठी."

"मी तर तुझ्यासाठी बघत होते."

मग मामाने तिच्या ताटात भाजी वाढली. "हे बघ चिंगे, दुसरा लाव. हॉल भरेल, साहेब खूश होतील, तुझं काम होईल. माझ्यापायी नुकसान करून घेऊ नकोस."

खणात पडल्या पडल्या मी हे ऐकत होते. एरवी मी असल्या गोष्टी मनाला लावून घेत नाही, पण त्या दिवशी मला वाईट वाटलं. ज्या दोघांनी मला झिजेपर्यंत लावलं, त्यांच्यापैकी एकालाही मी नको होते.

दुसऱ्या दिवशी मामा दुकानात गेल्यावर चिंगीने डबी उघडली. आधी धाकटीला लावलं. शेवटपर्यंत पाहिलं, रडली, "बापरे, काय सिनेमा आहे" असं स्वतःशीच म्हणाली. मग मला लावलं. या वेळी फोन स्वयंपाकघरात होता.

माझ्यात एक लहानसा प्रसंग आहे. नायक आपल्या खोलीतून पलीकडच्या खोलीत जायचा सराव करतोय. फक्त हात पलीकडे निघतो आणि तो तिथेच अडकतो. पलीकडे आजोबा चहा घेत बसलेत. ते वरही बघत नाहीत. भिंतीतून आलेल्या हातात ते एक कप देतात आणि पुन्हा पेपर वाचायला लागतात. चिंगीने तो प्रसंग मागे नेऊन पाहिला. परत मागे नेला. मी अडखळत होते, कारण तिथे माझ्यावर चरा आहे, तरी तिने धीराने पाहिलं.

संध्याकाळी मामा घरात शिरून बूट काढतोय तोच ती म्हणाली, "मी पहिलाच लावणार."

"अगं, पण मी सांगितलं ना..."

"तुझ्यासाठी नाही. मी दोन्ही पाहिले आज. दुसऱ्यात तो अख्खं शहर वाचवतो. पहिल्यात त्याला नुसतं पलीकडच्या खोलीत जायचं असतं. मला ते जास्त आवडतं."

"लोकांना शहर वाचवलेलं आवडतं, बाळा."

"आवडू दे की."

मामा हरलेल्या माणसासारखा खुर्चीत बसला. "तुझ्या आईवर गेलीस," एवढंच म्हणाला.

सिनेमाची दुसरी प्रत वेळेत मिळाली नाही, म्हणून रविवारी मीच गेले. प्रोजेक्टरच्या खोलीतून मला पडदा दिसत नव्हता, पण हॉल ऐकू येत होता. अर्धा रिकामा हॉल लगेच कळतो. हसणं लांबून लांबून येतं. चहाच्या प्रसंगाला कोणीतरी खुर्चीत हललं. बाहेर पडताना एकजण म्हणाला, "दुसरा लावायला हवा होता." मामाही आला होता. त्याचंही तेच मत असणार.

चिंगी मला काढायला आली, तिच्या मागोमाग साहेब आले. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, "मुली, आवड आहे तुला, ती दिसते. पण खुर्च्या रिकाम्या राहिल्या. आता एकच सांग. पुन्हा संधी दिली तर दुसरा लावशील ना? हो म्हण, मी विचार करतो."

मी तिच्या बोटांत होते. हो म्हणणं अगदी सोपं होतं. मन राखण्यात तिने कितीतरी वर्षं काढली होती.

"नाही साहेब," ती म्हणाली. "मला पहिलाच आवडतो."

जागा दुसऱ्याला मिळाली. चिंगी अजून खिडकीवर तिकिटं देते आणि रविवारी तोंड पाडून घरी येते, कारण नवा माणूस काय लावतो ते तिला पटत नाही. घरी आता भांडणं होतात. एक दिवस मामाचा, एक दिवस तिचा. "झोप येते तुझ्या त्या सिनेमाने," असं मामा तोंडावर सांगतो, आणि तीही ऐकून घेत नाही. इतकं हसू मी या घरात पूर्वी ऐकलं नव्हतं.

मी आता जास्त दिवस टिकणार नाही. चरे वाढलेत, प्लेअर कुरकुरतो. जाण्याआधी तुम्हाला इतकीच विनंती आहे. तुमच्या घरात कोणी तुमच्यासाठी म्हणून काही गोड मानून घेत असेल, तर एकदा विचारून बघा. उत्तर कडू निघालं तरी चालेल. माझ्याबाबतीत निम्मं कडूच निघालं.

धाकटीवर माझा राग नाही. तिची बक्षिसं तिला लखलाभ. पण ती आवडते असं सांगताना आजवर कोणाला काही गमवावं लागलेलं नाही.