दोन दोर आणि एकटी मी

मी एक जुनी लोखंडी कडी आहे, शाळेच्या गच्चीच्या कठड्यात रोवलेली. आणि मी भडकलेली आहे. बावीस वर्षांच्या नोकरीत ज्याने माझ्यावर तेलाचा थेंब टाकला नाही, त्या मुकादमाने परवा माझ्या गळ्यात दोन दोर अडकवले आणि वर म्हणतो, "म्हातारी दमदार आहे!" लाज कशाशी खातात, ठाऊक नाही मेल्याला.

मित्रांनो म्हणायची रीत, म्हणून म्हणते. वयाने मी तुमची पणजी. लोहाराने मला लाल तापवून वाकवली, तेव्हा ही गच्ची अजून ओली होती. रंगाऱ्यांचे दोर मी पेलले, माझ्या जिवावर ही शाळा चारदा रंगली. पहिला रंगारी कामाआधी मला पुसायचा, "आजी, सांभाळा" म्हणायचा. तो गेला, पुसणंही गेलं. मुळाशी पाणी साचत राहिलं. वरून मी ठसठशीत, आतून पोखरलेली. हे स्वतःच्या तोंडाने सांगायला मला आवडत नाही.

शाळेवर जन्म काढला, पण वर्गात एक दिवस बसले नाही. गणिताच्या बाईंची खिडकी बरोबर माझ्याखाली. कानावर पडलं तेवढंच शिक्षण. दोन नाणी उडवली तर एकाचं दुसऱ्याला काही देणंघेणं नसतं. दोन्हींवर छापा येण्याची शक्यता अर्धा गुणिले अर्धा, म्हणजे पाव. पण पिशवीतून एक गोटी काढून बाहेर ठेवली, की दुसरीचं गणित बदलतं.

मुकादमाला नाण्यांपुरतंच ठाऊक.

परवाच्या रंगाऱ्याला घरी चार महिन्यांची मुलगी. एक दोर त्याच्या बसायच्या फळीचा, दुसरा कमरेचा. त्याने मला हात लावला, तळवा तपकिरी झाला.

"मुकादम, कडी गंजलीय. कमरेचा दोर टाकीच्या खांबाला बांधू?"

"अरे, शंभरात एखादा दोर तुटतो. दोन्ही एकदम तुटायचे तर शंभर गुणिले शंभर, दहा हजारांत एकदा! उतर, ऊन चढतंय."

बाईंनी खिडकीतून ऐकलं. खडूने माखलेल्या हातांनी तशाच वर आल्या.

"दोर दोन. कड्या किती?"

"एकच की."

"ती निखळली तर?"

मुकादम डोकं खाजवू लागला. "दोन्ही जातील."

"मग गुणाकार कसला करता? ज्यांचं एकमेकांशी नातं नाही त्यांचा करायचा. हे दोघे एकीच्याच गळ्यात. खांबाला बांधा, नाहीतर मी वर्ग इथेच भरवते!"

खांब लांब, दोराला दोर जोडावा लागला. मुकादम धुसफुसत होता. रंगारी जेमतेम एक मजला उतरला आणि माझं मूळ सुटलं. मी आपटत खाली गेले, माझ्यामागे फळी, रंगाचा डबा. तो मात्र खांबाच्या दोरावर लोंबकळत राहिला, हातात ब्रश तसाच. बाई धावत खाली वर्गात गेल्या आणि वर्गातल्या मुलींसोबत त्याला खिडकीतून आत ओढला.

मित्रांनो, जिच्यावर भार टाकता तिला आधी हात लावून बघा, पुसा, तेल घाला. नुसतं दमदार म्हणून भागत नाही.

आणि मुकादम? मला उचलून जमलेल्यांना सांगतोय, "बघा! दोन दोर होते म्हणून वाचला. मी म्हणत नव्हतो?"

तेव्हा मात्र माझ्या लोखंडालाही वाचा फुटली.

"मुकादमा, तो दोन दोरांनी नाही, दोन जागांनी वाचला! गुणाकार तुझा आणि जीव त्याचा, असं चालायचं नाही. पुढच्या भिंतीवर आधी तू उतर, मग मला दमदार म्हण."